राजाने काय पाहावे?

दिवाळीची सुटी लागली की आमच्या भुईगावात पोरांचे हात मातीने भरतात. वाडीतली ओली माती, पडक्या कुंपणाचे दगड, एखादे जुने गोणपाट आणि घरातून मागून आणलेले मूठभर अळीव एवढ्या भांडवलावर अंगणात किल्ला उभा राहतो. गेल्या दिवाळीत माझी भाची सुटीला आली होती. ती नववीत, म्हणजे किल्ला करण्याचे वय उलटलेले, आणि किल्ल्यापासून दूर बसवत नाही असेही वय. पायरीवर बसून ती धाकट्यांच्या हाती एकेक मावळा देत होती आणि एक गोष्ट सांगत होती. मी वर्तमानपत्र वाचण्याचे निमित्त करून ऐकत होतो.

गोष्ट अशी. एक राज्य असते. त्याचे बारा जिल्हे. दर वर्षी प्रत्येक जिल्ह्यातून चिठ्ठी टाकून एक मुलगा आणि एक मुलगी निवडतात. अशा चोवीस मुलांना रानात सोडायचे. तिथे भूक, थंडी, जनावरे आणि एकमेकांची शस्त्रे. शेवटी एकच जिवंत उरायचा, तो जिंकला. आणि हे सगळे टीव्हीवर दाखवायचे. साऱ्या राज्याने ते पाहायचे.

"पण मग त्यात किल्ला कुठे असतो?" धाकट्याने विचारले. आम्ही दोघेही हसलो. मग ती माझ्याकडे वळली आणि गंभीरपणे म्हणाली, "मामा, हे खोटे आहे ते मला कळते. पण लोक बघत कसे बसतात? एक जणही उठून टीव्ही बंद का करत नाही?"

"अग, गोष्ट आहे ती," एवढेच मी म्हणालो आणि पुन्हा वर्तमानपत्रात डोके घातले. हे उत्तर मास्तराला शोभणारे नव्हते. वर्षभर ते मला टोचत राहिले. आज त्याची भरपाई करीत आहे.

ती गोष्ट सुझान कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेची, २००८ साली प्रसिद्ध झालेली. एका रात्री टीव्हीची वाहिन्या बदलता बदलता एकीकडे तरुणांच्या चढाओढीचा कार्यक्रम आणि दुसरीकडे इराकच्या युद्धाची चित्रे तिने पाहिली, आणि दोन्ही एकमेकांत मिसळून गेली, असे तिने सांगितले आहे. दुसरे बीज ग्रीक पुराणातले. अथेन्सने हरल्याबद्दल क्रीटच्या राजाला सात मुलगे व सात मुली द्यायच्या, आणि त्यांना भुलभुलैयातल्या राक्षसापुढे सोडायचे. कॉलिन्सच्या राज्याचे नाव पानेम. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ भाकरी. लोकांना भाकरी आणि तमाशे दिले की ते आणखी काही मागत नाहीत, असा टोमणा जुव्हेनल या रोमन कवीने मारला होता; नाव तिथून आले. आणि कादंबरीतली सर्वांत खरी गोष्ट मला वाटते ती हीच. तिथे गरिबाच्या मुलाला थोडे धान्य आणि तेल हवे असेल, तर त्याने आपल्या नावाची एक चिठ्ठी जास्त टाकायची. म्हणजे चिठ्ठी सर्वांची; पण निघायची ती बहुधा उपाशी घरातली.

असे लिहिणारी ती पहिली नव्हे. जपानमध्ये कोशुन ताकामी याने १९९९ साली एका शाळेतल्या वर्गाची गोष्ट लिहिली. बेचाळीस मुले एका बेटावर, आणि एक उरेपर्यंत मारामारी. बेचाळीस हा आकडा वाचून मी थबकलो. माझ्या हजेरीपटावरची संख्या वर्षानुवर्षे त्याच्याच आसपास असते.

हे सारे परदेशी डोक्यांतून निघाले, आपल्याकडे असे काही नव्हते, असे म्हणून मोकळे होता आले असते तर बरे झाले असते. पण वसईरोडच्या फलाटावर उभे राहून उत्तरेकडे जाणारी गाडी पकडावी, आणि बडोद्यास उतरावे. ते मराठी माणसाचे राज्य. तिथे खंडेराव गायकवाड १८५६ ते १८७० या काळात गादीवर होते. राजा शौकीन. मदिनेच्या दर्ग्यासाठी म्हणून मोत्यांचा गालिचा त्यांनीच विणून घेतला, मकरपुऱ्याचा राजवाडा त्यांनीच उठवला. आणि खेळांचा शौक तर विचारूच नये.

साठमारी हा त्यांतला प्रसिद्ध खेळ. उंच भिंतींचे मोठे आवार. त्याला तिथे अग्गड म्हणत. मस्तीवर आलेला हत्ती आत सोडायचा आणि साठमारांनी भाले, फडकी आणि दारूकाम घेऊन त्याला डिवचायचे. भिंतींना बेताची दारे ठेवलेली. माणूस निसटेल, हत्ती अडकेल, एवढीच त्यांची रुंदी. दारापर्यंत पोचला तो वाचला. १८७५ साली इंग्लंडचे युवराज बडोद्यास आले तेव्हा त्यांनाही हत्तींचे हे खेळ दाखवण्यात आले.

पण याहून भयंकर खेळ होता नखीच्या कुस्तीचा. लुई रूसले नावाचा एक फ्रेंच प्रवासी १८६४ ते १८६८ या काळात आपल्या देशात हिंडला आणि खंडेरावांचा पाहुणा म्हणून बडोद्यास राहिला. त्याने ती कुस्ती पाहून लिहून ठेवली आहे. मल्लांना आधी भांग आणि अफू पाजायची. मुठीवर वाघनखांसारखी नखे पट्ट्यांनी बांधायची. मग दोघांनी एकमेकांवर झेपावायचे आणि तोंड, डोके, छाती फाडायची. पूर्वी ही नखे पोलादाची असत. रूसलेने पाहिली ती शिंगाची होती. पोलाद जाऊन शिंग आले ही दया म्हणावी काय? मला तसे वाटत नाही. पोलादाने माणूस लवकर संपतो. शिंगाने खेळ लांबतो. महाराज इतके रंगून जात की बसल्या जागी मल्लांचे हावभाव करीत. जिंकणाऱ्याला मोठे बक्षीस मिळे. रूसलेने हा प्रकार एकदाच पाहिला. पुन्हा पाहायला तो गेला नाही.

भाचीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे. लोक बसतात, पाहतात, रंगतातही. कादंबरीतले राज्य उद्याचे आहे आणि अग्गड कालचे. मधल्या भिंतीला दार मात्र आहे.

आता असे का व्हावे? खंडेराव काही राक्षस नव्हते. त्याचे एक कारण मला आमच्याच गावाजवळ सापडते. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईस तह झाला आणि दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. गायकवाडांनीही त्याच वर्षी इंग्रजांशी करार केला. ज्या घराण्याच्या पूर्वजांनी, पिलाजी आणि दमाजी यांनी, घोड्यावर बसून गुजरात मिळवला, त्याच्या वंशजाला आता लढाईच उरली नाही. शत्रू गेला, पण शौर्य पाहण्याची भूक गेली नाही. ज्याला स्वतः मरणाला सामोरे जायचे नाही, त्याला दुसऱ्याचे मरण पाहावेसे वाटू लागते, असे माझे मत आहे. आणि मरणारा नेहमीच पदरचा माणूस असतो. त्याला भांग पाजायची आणि पोटासाठी उभे करायचे.

वाचकहो, हा दोष राजांच्या माथी मारून मी सुटू शकत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत एका शाळेत मधल्या सुटीत दोन मुले जुंपली. भोवती पोरांचे कडे, आरडाओरडा. मी व्हरांड्यात होतो. धावत जाऊन सोडवणे हे माझे काम. परंतु मी अर्धा मिनिट तसाच उभा राहिलो. कोण वरचढ ठरतो ते मला पाहायचे होते! खाली पडलेल्या मुलाने मान वळवली आणि नेमके माझ्याकडे पाहिले. मग मी धावलो. त्याच्या ओठातून रक्त येत होते. ते दोन दिवसांत बरे झाले. पण मास्तर पाहत होते हे त्याला कळले, आणि त्याला कळले हे मला कळले. ते अजून बरे झालेले नाही.

मग यातून सुटका नाही काय? आहे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनाही साठमारीचा शौक होता. त्यासाठी त्यांनी मैदाने बांधवली. पण १९०२ साली ते विलायतेस गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचे कलोसियम पाहिले. इसवी सन ८० मध्ये शंभर दिवसांच्या खेळांनी ज्याचे उद्घाटन झाले, आणि ज्याच्या रेतीत असंख्य माणसे व जनावरे मेली, ते हे मैदान. महाराजांनी तिथून काय आणले? मधोमध हौदा आणि भोवती चढत जाणारी बैठक, म्हणजे कुणालाही कुणाच्या डोक्याआड बसावे लागू नये. १९१२ साली खासबागेचे मैदान तयार झाले. रोमची बैठक आली, रोमचे मरण आले नाही. तिथे तांबड्या मातीत पाठ टेकली की कुस्ती संपली. चितपट झालेला गडी उठतो, माती झटकतो, जिंकणाऱ्याला भेटतो आणि घरी जातो. खेळाची सारी संस्कृती या घरी जाण्यात आहे.

बडोद्यातही पान उलटले. १८७५ साली नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा एक शेतकरी मुलगा दत्तक म्हणून तिथल्या गादीवर आला. त्याला तेव्हा अक्षरओळखही नव्हती. पुढे याच सयाजीरावांनी १९०६ साली साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. कादंबरीतले राज्य गावोगावची मुले सक्तीने गोळा करते ते रानात सोडण्यासाठी. या राजानेही मुले सक्तीनेच गोळा केली, पण पाटीवर बसवण्यासाठी. सक्तीसक्तीतही अंतर असते.

तथापि सर्वांत जुने उत्तर आमच्या पायाखालीच होते. १८८२ साली सोपाऱ्यास अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली सापडला तो आमच्या भुईगावात. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. पण गावात मोठे होऊनही मला ती फार उशिरा कळली. ब्राह्मी अक्षरांचे हे फुटके दगड आता मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाचे धन आहेत. इतरत्र सापडलेल्या पूर्ण प्रतींवरून त्यांचा आशय कळतो.

आठव्या लेखात अशोक सांगतो की, पूर्वीचे राजे करमणुकीच्या यात्रांना जात. त्यांत शिकार आणि तसलेच इतर खेळ असत. आपण मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर बोधिवृक्षाकडे गेलो, आणि तेव्हापासून यात्रा धर्माच्या झाल्या. श्रमण-ब्राह्मणांना भेटायचे, वृद्धांना पाहायचे, खेड्यापाड्यांतल्या लोकांची गाठ घ्यायची. आणि या यात्रांत आपल्याला अधिक आनंद होतो, असेही तो सांगतो. मला या लेखात सर्वांत मोठी वाटते ती एक साधी गोष्ट. राजा डोळे मिटून बसला नाही. पाहण्याची हौस त्याने टाकली नाही. काय पाहायचे ते बदलले. मरणारे जनावर पाहण्याऐवजी तो जगणारी माणसे पाहायला निघाला.

आणि भुईगावचा नववा लेख तर जणू दिवाळीसाठीच कोरलेला आहे. आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना प्रकारची मंगले करतात, असे तो म्हणतो. करावीत, पण त्यांचे फळ थोडे. खरे फळ देणारे मंगल धर्माचे. ते कोणते? तर दास आणि चाकर यांच्याशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान ठेवणे, प्राण्यांच्या बाबतीत संयम, आणि दान. यादीच्या आरंभी कोण आहे पाहा! दास आणि चाकर. जो अग्गडात उतरतो, जो नखे बांधून उभा राहतो, जो तेलासाठी चिठ्ठी वाढवतो, तोच हा माणूस.

यंदा भाची पुन्हा येणार आहे. ती आली की तिला मी हे सारे सांगेन. ती विचारत होती, एक जणही का उठत नाही? सांगेन, बाई, उठतात. कोणी परका पाहुणा दुसऱ्यांदा जात नाही; कोणी राजा शिकार सोडून गावे पाहायला जातो; कोणी मास्तर अर्धा मिनिट उशिरा धावतो. सगळे एकदम उठत नाहीत, एवढेच खरे. आणि मग तिला घेऊन मुंबईस जाईन, आमच्या गावचा दगड पाहायला. धाकटाही येतो म्हणतो. त्याला तिथे किल्ला आहे का, ते पाहायचे आहे.