जिमी हिल आणि वीस पौंडांची वेस



कामगार चळवळीचा इतिहास सांगायचा म्हटला की गिरण्या, खाणी, गोद्या आणि रेल्वे ही नावे ओघानेच येतात. फुटबॉलच्या मैदानाचे नाव त्यात सहसा कोणी घेत नाही. खेळ तो खेळ, त्यात मालक कोण आणि मजूर कोण, असा आपला समज असतो. पण ज्या इंग्लंडने या खेळाला नियम दिले, त्याच इंग्लंडात या मैदानावर साठ वर्षे मजुरीचा एक लढा रेंगाळला होता. आणि तो निकालात निघाला तेव्हा खेळाडूंच्या वतीने टेबलाशी बसलेला मुख्य माणूस कोणी नामांकित खेळाडू नव्हता. तो बेताचा खेळाडू होता. त्याचे नाव जिमी हिल. बेताच्या खेळाडूने हे काम कसे केले, एवढाच आमच्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

प्रथम लढा कशासाठी होता ते पाहू. पैसे घेऊन खेळण्यास तिथे १८८५ साली मान्यता मिळाली. पुढे १९०१ च्या हंगामापासून असा नियम झाला की कोणत्याही खेळाडूला आठवड्याला ४ पौंडांहून अधिक द्यायचे नाही. आपण किमान वेतनासाठी भांडतो. १९४८ सालचा आपला कायदाही किमान वेतनाचाच होता. तिथे मालकांनी वेतनाची कमाल मर्यादा बांधून ठेवली होती! मालक म्हणत, असे न केले तर धनिक क्लब सारे चांगले खेळाडू उचलून नेतील आणि लहान गावांचे क्लब बुडतील. या म्हणण्यात तथ्य मुळीच नव्हते, असे आम्ही म्हणणार नाही. पण लहान क्लब जगवायचा तर त्याचा भार खेळाडूच्याच पाठीवर का, या प्रश्नाला मालकांपाशी उत्तर नव्हते.

दुसरी बेडी याहून जड होती. खेळाडूचा करार वर्षाचा असे. हंगाम संपला की क्लब यादी लावी: इतके राखले, इतके विक्रीस काढले. ज्याचे नाव राखलेल्यांत असे त्याचा करार संपला तरी त्याची नोंदणी क्लबच्याच हाती राही. नवा करार त्याला मान्य नसेल तर त्याने घरी बसावे. पगार नाही, आणि दुसरीकडे खेळण्याची परवानगीही नाही. नोकरी संपली, पण नोकर सुटला नाही, असा हा अजब न्याय होता. गिरणीतला बदली कामगार निदान दुसऱ्या गिरणीच्या दारात जाऊन उभा राहू शकत होता.

याविरुद्ध खेळाडू उठले नाहीत असे नाही. १९०७ च्या डिसेंबरात मँचेस्टरला बिली मेरेडिथ, चार्ली रॉबर्ट्स प्रभृतींनी युनियन काढली. १९०९ साली फुटबॉल असोसिएशनने फर्मान सोडले की युनियन सोडा, नाहीतर मैदान सोडा. मँचेस्टर युनायटेडच्या खेळाडूंनी ते झुगारले आणि स्वतःला 'बहिष्कृत' म्हणवून घेत एकत्र सराव चालू ठेवला. अखेर युनियनला मान्यता मिळाली. पण इतर कामगार संघटनांच्या महासंघाशी असलेले नाते तिला तोडावे लागले. मग १९१२ साली युनियनच्या पाठबळावर किंगबी नावाचा खेळाडू ॲस्टन व्हिला क्लबविरुद्ध न्यायालयात गेला. तो दावा हरला आणि त्या खर्चाने युनियनचे कंबरडे मोडले. एकटी पडलेली आणि कर्जात बुडालेली संघटना किती वर्षे मागे जाते, हे चळवळीत वावरलेल्यांना सांगायला नको. कमाल मर्यादा मालकांच्या मर्जीने कधी घटे, कधी चढे. १९२२ साली ती ८ पौंड होती. १९५८ साली २० झाली.

आता हिल यांच्याकडे वळू. त्यांचा जन्म २२ जुलै १९२८ चा, लंडनच्या बॅलम भागातला. १९४९ ते १९५२ ते ब्रेंटफर्डकडून खेळले आणि नंतर नऊ वर्षे फुलमकडून. फुलमसाठी त्यांनी लीगचे सुमारे पावणेतीनशे सामने खेळले. १९५८ साली डॉन्कास्टरच्या मैदानावर त्यांनी एकाच सामन्यात पाच गोल केले, हा त्यांच्या खेळातला मोठा दिवस. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात त्यांना कधीही जागा मिळाली नाही. फुलममध्ये त्यांच्याच सोबत जॉनी हेन्स खेळत असे, तो पुढे इंग्लंडचा कप्तान झाला. हेन्स चेंडू द्यायचा आणि हिल धावायचे, अशी ही जोडी. धावणारा, राबणारा आणि दाढीमुळे गर्दीत ओळखू येणारा, असा हा गडी होता. मात्र त्यांना बोलता येत होते, हिशेब मांडता येत होता, आणि कोणासमोर बोलताना आवाज किती चढवावा हेही कळत होते.

१९५७ साली ते युनियनचे अध्यक्ष झाले. चिटणीस क्लिफ लॉइड हे शांत आणि कागदपत्रांत पक्के गृहस्थ. पुढच्याच वर्षी संघटनेचे नाव 'प्रोफेशनल फुटबॉलर्स असोसिएशन' असे ठेवण्यात आले. नाव बदलल्याने लढा मवाळ झाला असेल, असे कोणाला वाटेल, घडले उलटेच. मागण्यांची सनद चार कलमांची होती: कमाल मर्यादा रद्द करा, राखीव यादीची पद्धत बदला, खेळाडू विकला जातो तेव्हा त्या रकमेत त्याला वाटा द्या, आणि करार नव्याने लिहा. लीगने टोलवाटोलवी केली. तेव्हा १९६० च्या अखेरीस लंडन, मँचेस्टर आणि बर्मिंगहॅम येथे खेळाडूंच्या सभा भरल्या आणि २१ जानेवारी १९६१ पासून संप असे ठरले.

या साऱ्या प्रकरणाचे मर्म या सभांत आहे. मर्यादा उठली तर लाभ कोणाला होणार होता? हेन्सला आणि त्याच्या तोडीच्या मूठभरांना. खालच्या विभागांतल्या पुष्कळ खेळाडूंना तर वीस पौंडही मिळत नव्हते. मग ज्याचा हात त्या वेशीपर्यंत पोचतच नाही, त्याने ती पाडण्यासाठी आपला आठवड्याचा पगार का घालवावा? मँचेस्टरच्या सभेत एका तरुण खेळाडूने हाच सूर काढला. माझे वडील खाणीत राबून माझ्याहून कमी मिळवतात, मग आपल्याला अधिक कशाला, असे तो म्हणाला. तेव्हा बोल्टनचा टॉमी बँक्स उठला. त्याच्या उत्तराचा आशय असा होता: तुझ्या वडिलांचे काम कठीण आहे हे मला मान्य आहे, पण ते कोळसा फोडतात ते पाहायला तीस हजार माणसे तिकीट काढून येत नाहीत, आणि त्यांना एकदा स्टॅन्ली मॅथ्यूजला अडवायला सांग. सभेत हशा पिकला आणि प्रश्न मिटला. कारखान्यातल्या मजुराला तेव्हा आठवड्याला सरासरी पंधरा पौंडांच्या आसपास मिळत. त्याच्यापुढे 'आम्हाला वीस पुरत नाहीत' असे सांगणे अवघड होते. म्हणून हिल यांनी रकमेवर भर दिलाच नाही. तिकिटाचा पैसा ज्याच्या खेळामुळे येतो, त्याला आपल्या श्रमाच्या किमतीची घासाघीस करण्याचा हक्क हवा की नको, एवढेच ते विचारीत राहिले. हा हक्क हेन्सला नसेल तर कोणालाच नाही, हे लहान खेळाडूंना पटले. आणि हे पटवणारा स्वतः हेन्स असता तर ते पटले असते का? आम्हाला शंका आहे. स्वतःचा फायदा ज्याच्या मागणीत दिसत नाही, त्याच्याच शब्दावर माणसे पगार सोडून उभी राहतात.

संपाला तीन दिवस उरले असताना, १८ जानेवारी १९६१ रोजी, श्रममंत्रालयात तडजोड झाली. कमाल मर्यादा गेली. त्याच वर्षी हेन्सचा पगार आठवड्याला १०० पौंड झाला. राखीव यादीबाबत मात्र क्लबांनी दिलेला शब्द फिरवला. तेव्हा संघटनेने जॉर्ज ईस्टहॅमचा दावा पुढे रेटला. न्यूकॅसल क्लबने न सोडल्यामुळे हा खेळाडू १९६० साली कित्येक महिने दुसरी नोकरी करून राहिला होता. पुढे आर्सेनलने त्याला घेतले, म्हणजे त्याचा स्वतःचा प्रश्न सुटला होता. तरी इतरांसाठी त्याने दावा मागे घेतला नाही. १९६३ साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी निर्णय दिला की ही पद्धत माणसाच्या उपजीविकेवर अवाजवी बंधन घालते. किंगबी हरला त्याला तेव्हा एक्कावन्न वर्षे झाली होती.

गुडघ्याच्या दुखापतीने हिल यांचा खेळ १९६१ सालीच संपला आणि त्या नोव्हेंबरात ते कॉव्हेंट्री सिटीचे मॅनेजर झाले. कॉव्हेंट्री म्हणजे मोटारींच्या कारखान्यांचे, कामगारांचे गाव; १९४० च्या बॉम्बवर्षावात होरपळलेले. क्लब तिसऱ्या विभागात खितपत पडला होता. पगार वाढवा म्हणणारा माणूस आता पगार देणाऱ्या बाजूला आला होता. पैसा कुठून आणणार, हे त्याला दाखवून द्यायचे होते. त्यांनी संघाला आकाशी निळा पोशाख दिला, प्रेक्षकांसाठी गाणे रचवून घेतले, बाहेरगावच्या सामन्यांना खास गाड्या सोडल्या. १९६५ साली कार्डिफला चाललेला सामना कॉव्हेंट्रीच्या मैदानात पडद्यांवर दाखवला. तिकीट काढणारा कामगार हा पाहुणा आहे, अशी ती वागणूक होती. १९६४ साली संघ तिसऱ्या विभागात पहिला आला, १९६७ साली दुसऱ्या विभागात. त्या वर्षी वुल्व्ह्जविरुद्धच्या सामन्याला ५१,४५५ माणसे लोटली. त्या मैदानावरचा तो उच्चांक ठरला. पहिल्या विभागातला हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर हिल यांनी मॅनेजरपद सोडले आणि ते दूरचित्रवाणीकडे गेले. संघ मात्र २००१ पर्यंत, सलग चौतीस वर्षे, पहिल्या श्रेणीत टिकला. विजयाला दोनऐवजी तीन गुण द्यावेत हा हिल यांचा आग्रह इंग्लिश लीगने १९८१ साली मान्य केला आणि नंतर तो जगभर गेला.

हिशेब मांडायचा तर दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. १९८२ साली वर्णद्वेषी राजवटीच्या दक्षिण आफ्रिकेत इंग्लिश खेळाडूंचा संघ नेण्याच्या उद्योगात हिल होते. तो दौरा अर्ध्यावरच गुंडाळावा लागला. एका देशात खेळाडूच्या हक्कासाठी भांडलेल्या माणसाला, दुसऱ्या देशात माणसाचा हक्कच कातडीवर ठरतो हे दिसू नये, याचे आम्हाला दुःख वाटते. स्वतःच्या धंद्याबाहेरचा अन्याय न दिसणे हा आपल्या चळवळीचा जुना रोग आहे.

आणि लढ्याच्या फळाचे काय? १९६१ नंतर क्लबांनी पगारी खेळाडूंची संख्या कमी केली. वरच्यांचे पगार आभाळाला भिडले, खालच्यांचे रांगत राहिले. पण संघटना तिथे थांबली नाही. प्रक्षेपणाच्या उत्पन्नातून तिने आपला वाटा मिळवला आणि तो जायबंदी खेळाडूंवर, त्यांच्या पुढच्या शिक्षणावर खर्च केला. वेस पाडल्याने सगळे सारख्या वेगाने पुढे जात नाहीत. मागे राहिलेल्यांसाठी संघटना त्यानंतरही लागते, किंबहुना तेव्हाच अधिक लागते.

१९ डिसेंबर २०१५ रोजी हिल वारले. कॉव्हेंट्रीच्या नव्या मैदानाशी त्यांचा पुतळा २०११ सालीच, त्यांच्या हयातीत, उभा राहिला होता. तो मॅनेजरचा पुतळा आहे, आणि ते योग्यच आहे. १८ जानेवारी १९६१ चे स्मारक कुठे शोधायचे झाले, तर ते खेळाडूच्या करारात शोधावे: त्यातला पगाराचा आकडा तेव्हापासून दोन्ही पक्ष समोरासमोर बसून ठरवतात.