सक्तीचा विषय कोण ठरवतो? औरंगाबादच्या महाविद्यालयांची शंभर वर्षे

१/ पदवीच्या गुणपत्रिकेत एखादा तरी विषय असा असतो, जो विद्यार्थ्याने स्वतः निवडलेला नसतो. शाखा विज्ञानाची असो वा वाणिज्याची, तो घ्यावाच लागतो. अशा सक्तीच्या विषयांचा इतिहास छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, फार बोलका आहे. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/ मूळ कल्पना जुनी आहे. जेझुइट संघाने १५९९ मध्ये 'राशिओ स्टुडिओरम' नावाची शिक्षणसंहिता लागू केली. तिच्यात विषयांचा क्रम ठरलेला होता: आधी व्याकरण, मग काव्य व वक्तृत्व, त्यानंतर तत्त्वज्ञान आणि शेवटी धर्मशास्त्र. आधी माणूस घडवावा, व्यवसायाचे नंतर पाहावे, अशी या परंपरेची धारणा.

३/ अमेरिकेतील कॅथलिक विद्यापीठांनी हा वारसा आपापल्या परीने जपला. १७८९ मध्ये स्थापन झालेल्या जॉर्जटाउन विद्यापीठात आजही पदवीच्या विद्यार्थ्याला, त्याचा मुख्य विषय कोणताही असो, तत्त्वज्ञान आणि धर्मविचार यांचे अभ्यासक्रम पूर्ण करावे लागतात.

४/ जेझुइट गोव्यात १५४२ मध्येच आले होते. मुंबईत त्यांचे सेंट झेवियर्स महाविद्यालय १८६९ मध्ये सुरू झाले. पण तोवर मुंबई विद्यापीठ (१८५७) स्थापन झालेले होते. महाविद्यालय संलग्न, अभ्यासक्रम आणि परीक्षा विद्यापीठाच्या. शिकवणारा एक आणि काय शिकवायचे हे ठरवणारा दुसरा, ही भारतीय उच्चशिक्षणाची घडण तेव्हापासूनची.

५/ निजामाच्या राज्यात चित्र निराळे होते. १९१७ च्या फर्मानाने उस्मानिया विद्यापीठाची घोषणा झाली, १९१८ मध्ये सनद मिळाली आणि १९१९ मध्ये वर्ग भरले. शिक्षणाचे माध्यम उर्दू. त्यासाठी 'दारुल तर्जुमा' हे स्वतंत्र भाषांतर खाते उभारले गेले. मौलवी अब्दुल हक त्याचे पहिले प्रमुख.

६/ उस्मानियाच्या सक्तीच्या विषयांकडे नीट पाहावे. माध्यम उर्दू असूनही इंग्रजी भाषा सर्वांना अनिवार्य. मुस्लिम विद्यार्थ्यांना 'दीनियात', म्हणजे धर्मशास्त्र. मुस्लिमेतरांना त्याऐवजी 'अख्लाक', म्हणजे नीतिशास्त्र. आपल्या धर्मीयांना धर्म आणि इतरांना नीती, ही विभागणी कॅथलिक शाळांत शिकलेल्या वाचकांनाही ओळखीची वाटेल.

७/ या विद्यापीठाचे इंटरमीजिएट महाविद्यालय १९२३ मध्ये औरंगाबादेत निघाले. अब्दुल हक पुढे याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्यांची अंजुमन तरक्की-ए-उर्दू ही संस्था तेव्हा याच शहरातून चाले आणि 'उर्दू' हे तिचे त्रैमासिक १९२१ मध्ये येथूनच सुरू झाले. इंटरनंतर पदवीसाठी मात्र हैदराबाद गाठावे लागे.

८/ न्याय दोन्ही बाजूंनी करायला हवा. मुंबई, कलकत्ता, मद्रास येथे इंग्रजीवाचून पदवी नव्हती. त्या काळात रसायनशास्त्रापासून इतिहासापर्यंत सारे ज्ञान एका भारतीय भाषेत आणण्याचा हा प्रयत्न धाडसी होता. पण राज्यातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी. परकी भाषा दूर झाली, तरी घरची भाषा वर्गात आली नाही.

९/ बीड किंवा परभणीकडून आलेल्या मराठी मुलाची स्थिती डोळ्यांसमोर आणा. घरी मराठी, वर्गात उर्दू, सक्तीची इंग्रजी आणि वर राज्याने ठरवून दिलेली नीती. म्हणूनच औरंगाबादचे सरस्वती भुवन (१९१५) आणि हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा (१९२१) अशा खासगी प्रयत्नांना मराठवाड्यात एवढे मोल आले.

१०/ या व्यवस्थेचा खरा कस लागला तो नोव्हेंबर १९३८ मध्ये. औरंगाबादच्या इंटरमीजिएट महाविद्यालयाच्या वसतिगृहात हिंदू विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हणू लागले. अधिकाऱ्यांनी मनाई केली. विद्यार्थी मागे हटले नाहीत. आंदोलन हैदराबादसह संस्थानातील इतर महाविद्यालयांत पसरले.

११/ शेकडो विद्यार्थ्यांवर कारवाई झाली आणि अनेकांचे शिक्षण तुटले. तेव्हा संस्थानाबाहेरच्या नागपूर विद्यापीठाने त्यांना दारे उघडली. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव याच पिढीतले आणि याच आंदोलनातले.

१२/ हा प्रसंग स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात सांगितला जातो, तो योग्यच आहे. पण तो शिक्षणाच्या इतिहासातही सांगायला हवा. विद्यार्थ्याचा आत्मा कसा घडवायचा हे वेळापत्रकात लिहून देणाऱ्या संस्थेला, आम्ही काय गावे हे आम्ही ठरवू, असे उत्तर विद्यार्थ्यांनी दिले. ज्या वयात एक वर्ष वाया गेले तरी घर हादरते, त्या वयात दिले.

१३/ सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. त्याच वर्षी डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ शिक्षण आयोग नेमला गेला. त्याचा १९४९ चा अहवाल म्हणतो तो मथितार्थ असा: केवळ एका विषयातले प्रावीण्य पुरेसे नाही, प्रत्येक पदवीधराला साहित्य, समाज आणि विज्ञान यांची सामान्य जाण हवी. 'सामान्य शिक्षण' ही संकल्पना आपल्याकडे ठळकपणे आली ती येथून.

१४/ धर्माचे काय? आयोगाने रोज थोडा वेळ मौनचिंतन, पहिल्या वर्षी थोर धर्मपुरुषांची चरित्रे, दुसऱ्या वर्षी धर्मग्रंथांतील सार्वत्रिक आशयाचे उतारे आणि तिसऱ्या वर्षी धर्माचे तत्त्वज्ञान सुचवले. संविधानाच्या अनुच्छेद २८ ने तर सीमारेषाच आखली. पूर्णतः सरकारी खर्चाच्या संस्थेत धार्मिक शिक्षण नाही; मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेत संमतीवाचून सक्ती नाही.

१५/ ज्यांच्या अध्यक्षतेखाली त्या संविधानाचा मसुदा तयार झाला, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये याच औरंगाबादेत पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. पुढे महाविद्यालयाला 'मिलिंद' हे नाव मिळाले आणि परिसराला 'नागसेनवन'.

१६/ या दोन नावांतच एक शिक्षणविचार आहे. मिलिंद, म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, वादात भल्याभल्यांना निरुत्तर करणारा. भिक्खू नागसेनाने त्याच्या प्रश्नांना उत्तरे दिली आणि राजाने ती मानली. येथे विचारण्याचा अधिकार राजाचा आहे, तसेच पटल्यावर मान्य करण्याचे कर्तव्यही त्याचेच. ज्यांना पिढ्यान् पिढ्या प्रश्न विचारण्याचीच बंदी होती, त्यांच्या मुलांसाठी हे नाव होते.

१७/ अभ्यासक्रम मात्र तेव्हाही संलग्नतेने बांधलेला. म्हणून मिलिंदचे सामान्य शिक्षण वर्गाबाहेर फुलले. पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी लिहिलेले 'युगयात्रा' नाटक विद्यार्थ्यांनी बाबासाहेबांसमोर सादर केले. पुढे याच महाविद्यालयात शिकवणाऱ्या गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' नियतकालिक चालवले आणि दलित साहित्याला हक्काचे पीठ दिले. या गोष्टींना ना गुण होते, ना श्रेयांक.

१८/ २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. काय शिकवायचे हे ठरवण्याचा अधिकार हैदराबादेहून औरंगाबादेत आला. त्या विद्यापीठावर कोणाचे नाव असावे, यासाठी पुढे दीर्घ आणि रक्तरंजित संघर्ष झाला. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला.

१९/ त्यानंतरची सक्ती आली न्यायालयातून. एम. सी. मेहता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षणाचे निर्देश दिले आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. हेतू उदात्त होता. पण आदल्या रात्री गाइड चाळून हा पेपर दिल्याची आठवण कितीजणांना असेल, हे वेगळे सांगायला नको.

२०/ आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रात तीन वर्षांची पदवी श्रेयांकांवर आधारलेली आहे. त्यात मुख्य विषयाबरोबर भाषा, मूल्यशिक्षण आणि भारतीय ज्ञानप्रणाली आहेत. शिवाय दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यायचे खुले ऐच्छिक विषय आहेत. इतिहासाच्या मुलीने थोडे विज्ञान शिकावे, ही कल्पना चांगलीच आहे. मात्र लहान गावातल्या महाविद्यालयात तो विषय शिकवायला प्राध्यापकच नसेल, तर तिच्या वाट्याला निवडीचे केवळ नाव येते.

२१/ शंभर वर्षांत ठरवणारे बदलत गेले: दरबार, आयोग, न्यायालय, शासन. प्रत्येकाला पदवीधर 'चांगला माणूस' व्हावा असेच वाटत होते. औरंगाबादचा अनुभव एवढे सांगतो की, सक्तीचा विषय अंगी मुरतो तो शिकणाऱ्याला त्यावर प्रश्न विचारता आला तरच. १९३८ च्या वसतिगृहात ती जागा नव्हती, म्हणून विद्यार्थी बाहेर पडले. नागसेनवनात ती होती, म्हणून तेथून एक साहित्य उभे राहिले.

२२/ आपल्या घरात कुणी उस्मानियाच्या काळात उर्दूतून शिकले असेल, किंवा मिलिंदच्या पहिल्या तुकड्यांत असेल, तर त्यांना एकदा विचारा: सक्तीचे काय होते, आणि त्यातले आजही काय आठवते? सांगावेसे वाटले तर खाली जरूर लिहा. (समाप्त)