उंबर : ओवीतील उल्लेखावरील तळटीप

३. उंबर : म्हणजेच औदुंबर, दत्ताचे झाड. नांदेड जिल्ह्यातले माहूर हे दत्ताचे निद्रास्थान मानतात, तेव्हा ओवीतला उंबर नुसत्या सावलीसाठी आलेला नाही. हिरण्यकशिपूचे पोट फाडल्यावर नरसिंहाच्या नखांचा दाह उंबराच्या फळांनी शमला, ही कथा ‘गुरुचरित्रा’च्या १९व्या अध्यायात आहे. लातूर-नांदेडच्या कोरडवाहू मुलखात मात्र मला दुसरा अर्थ अधिक जवळचा वाटतो : उंबर तिथे पाणी. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’तही भूजलाची ही खूण सांगितली आहे, बालकवींचा ‘औदुंबर’ही पाण्याकाठचाच. उंबराची फुले फळाच्या आत दडलेली, बाहेरून कधीच न दिसणारी. म्हणून क्वचित भेटणाऱ्या माणसाला ‘उंबराचे फूल’ म्हणतात. सासुरवाशिणीचा भाऊ तसाच.