मेंदूतील दाह आणि पेशींचे कान

कामगार-चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने मेंदूतील दाहावर बोलावे, याचे काही श्रोत्यांस नवल वाटेल. परंतु अर्धांगवायूने हात लुळा पडलेल्या कामगारांचे रजेचे आणि भरपाईचे अर्ज आम्ही वर्षानुवर्षे लिहीत आलो आहो, आणि त्यांतील बहुतेकांनी आम्हांस एकच प्रश्न विचारला: 'हा हात पुन्हा यंत्रावर चालेल काय?' त्या प्रश्नापायी आम्ही ग्रंथालयाची पायरी चढलो.

लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे सेल्सस या रोमन ग्रंथकाराने पहिल्या शतकातच नोंदवून ठेविली होती. सुजलेल्या जागी आत काय चालते, हे मात्र फार पुढे उमगले. १८८२ साली सिसिलीतील मेसिना गावी मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने ताऱ्या-माशाच्या पारदर्शक पिल्लात गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! दाह हा नुसता बिघाड नसून शरीराने केलेला प्रतिकार आहे, हा विचार तेथून रुजला. १९०८ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. याच मेचनिकॉव्हचा शिष्य हाफकिन १८९६ च्या प्लेगात मुंबईस लस तयार करीत होता. त्याच्या नावाची संस्था परळास, म्हणजे ऐन गिरणगावात, उभी आहे.

पण त्या पेशींना बोलावले कोणी? याचे नेमके उत्तर मिळण्यास आणखी शंभर वर्षे लागली. १९८७ च्या सुमारास, पांढऱ्या पेशींना आपल्याकडे ओढून घेणारे एक लहानसे प्रथिन सापडले. पुढे त्याची भावंडे सापडत गेली आणि त्या कुळास 'केमोकाइन' असे नाव पडले. मनुष्याच्या शरीरात ती पन्नासाच्या आसपास आहेत, आणि ती ओळखणारे ग्राही, म्हणजे रिसेप्टर, सुमारे वीस.

गिरण्यांचे भोंगे आता बंद पडले, पण ज्यांनी ते ऐकले त्यांस हे लवकर कळेल. भोंगा साऱ्या वस्तीस ऐकू येई, पण पावले वळत ती त्या त्या गिरणीच्या माणसांची. केमोकाइन हा भोंगा, आणि ग्राही हा पेशीचा कान. जखमेजवळ हे प्रथिन दाट असते, दूर विरळ होत जाते. ज्या पेशीस तो कान आहे ती दाटीच्या दिशेने सरपटत जाते. कान नसलेली पेशी जागची हलत नाही.

मेंदू मात्र या साऱ्या धांदलीपासून अलिप्त आहे, असे विद्वान मंडळी दीर्घकाळ मानीत. वास्तविक माद्रिदच्या रिओ-होर्तेगाने १९१९ सालीच मेंदूतील पहारेकरी पेशी, 'मायक्रोग्लिया', ओळखून दाखविल्या होत्या. (हा थोर माणूस स्पेनच्या यादवी युद्धामुळे देशोधडीला लागला आणि १९४५ साली ब्यूनोस आयरिस येथे वारला. पाठ्यपुस्तकांत एवढ्यासाठी जागा नसते, म्हणून आम्ही सांगतो.) या पहारेकऱ्यांसही केमोकाइनचे कान आहेत.

१९९६ साली या कानांपैकी एकाचे नाव जगभर झाले. एड्सचा विषाणू पेशीत शिरताना 'सीसीआर-५' या ग्राहीचा कडीसारखा उपयोग करतो, असे सिद्ध झाले. मेंदूतील मायक्रोग्लियातही तो याच वाटेने शिरतो. युरोपीय वंशाच्या शंभरांतील सुमारे एकास हा ग्राही जन्मतःच नसतो, आणि अशांस त्या विषाणूची लागण सहसा होत नाही. आपल्याकडे हे जन्मजात वैगुण्य फार विरळा. २००७ साली अमेरिकेत हा ग्राही बंद करणाऱ्या 'मॅराव्हिरॉक' या औषधास परवानगी मिळाली.

येथवर ही कथा विषाणूची होती. २०१६ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी तिला वेगळेच वळण दिले: सीसीआर-५ कमी केलेले उंदीर अधिक चांगले शिकतात, असे त्यांनी दाखविले. म्हणजे हा कान स्मरणशक्तीवर लगामही ठेवतो. मग २०१९ साली आमच्या प्रश्नाशी थेट भिडणारी गोष्ट बाहेर आली. उंदरास अर्धांगवायूचा झटका आला की एरवी हा ग्राही क्वचितच बाळगणाऱ्या मज्जापेशी तो अंगावर उगवतात, आणि तो बंद केल्यास पंजाची हालचाल लवकर परतते. मज्जापेशींचे तुटू पाहणारे दुवे टिकतात, नवे फुटतात. इस्राएलमधील रुग्ण तपासले तेव्हा, हा ग्राही जन्मतः उणा असलेली माणसे झटक्यानंतर अधिक सावरलेली आढळली. तेच जुने औषध झटका आलेल्यांस देऊन पाहण्याच्या चाचण्याही हाती घेतल्या गेल्या.

आता कोणी म्हणेल, मग हा कान सर्वांचाच बंद करून टाका! तसे करण्यापूर्वी २००६ सालचा अमेरिकेतील एक शोध वाचावा. 'वेस्ट नाइल' नावाचा, डासांमुळे पसरणारा एक विषाणू आहे. तो काहींच्या मेंदूत शिरून तेथे दाह उत्पन्न करतो. त्या तापाने आजारी पडलेल्यांत सीसीआर-५ मुळीच नसलेली माणसे अपेक्षेहून पुष्कळ अधिक निघाली. उंदरांत कारणही दिसले होते: ग्राहीवाचून पांढऱ्या पेशी मेंदूपर्यंत पुरेशा पोहोचल्या नाहीत, आणि विषाणू तेथे मोकाट वाढला.