पलटण, पेन्शन आणि शेतकरी

सेनगाव तालुक्याचे जिल्ह्याचे ठिकाण हिंगोली. इंग्रजी शब्द कधी घ्यावा आणि कधी नाकारावा, याचा निवाडा तिथल्या वस्त्यांच्या नावांत आहे: पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा. निजामी राज्यात हिंगोलीला इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या हैदराबाद कंटिन्जन्टची छावणी होती; ती १९०३ मध्ये उठली. घोडदळ आणि तोफा मुलखाला जुन्या होत्या, म्हणून फारसीकडून आलेले रिसाला, तोफखाना हेच शब्द राहिले. कवायती शिपायांची ठरावीक संख्येची तुकडी नवी. तिच्यासोबत आलेला इंग्रजी शब्द देशी जिभेवर ‘पलटण’ झाला. पूर्वी चाकरीचे चीज बहुधा इनामाने होई. दरमहा घरबसल्या मिळणारी रक्कम नवी होती, म्हणून ‘पेन्शन’ आला आणि त्याला ‘पुरा’ जोडून वस्तीचे नाव झाले. नव्या वस्तूला नवा शब्द, जुनीला जुनाच.

कोणी म्हणेल, ही नावे लष्कराने दिली, लोकांनी निवडली नाहीत. पण लष्कर गेल्याला शंभरावर वर्षे झाली, नावे आजही तोंडात आहेत. टिकवणे हीदेखील निवडच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सावरकरांचा ‘महापौर’ रुळला, मग प्रत्येक इंग्रजी शब्दाला पर्याय का नको? ‘मेयर’शी सामान्य माणसाचा रोजचा व्यवहार नव्हता, म्हणून तिथे नव्या शब्दाला जागा मिळाली. ‘पेन्शन’ घराघरांत आधीच नांदत होता. सरकारी कागद ‘निवृत्तिवेतन’ लिहितो, पण मार्च २०२३ च्या संपात त्याच कचेऱ्यांतले कर्मचारी ‘जुनी पेन्शन’च मागत होते.

याचा अर्थ दार सताड उघडे ठेवावे असा नव्हे. २०२१ मध्ये राज्यभर सुरू झालेल्या ‘ई-पीक पाहणी’त ‘ई’ तेवढा परका, कारण तेवढेच नवे. पीक आणि पाहणी जुनीच. ‘फार्मर आयडी’ म्हणताना हे भान सुटते. संगणकावरचा ओळख क्रमांक नवा असेल. शेतकरी नवा नाही. सेनगावच्या तहसीलसमोर कागद घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ‘आयडी’ चटकन कळेल, पण त्याला ‘फार्मर’ म्हटले की त्याच्याच कामाचे नाव त्याला परके होते. ‘शेतकरी आयडी’ म्हणावे. हिंगोलीने ‘पेन्शनपुरा’ असाच जोडला होता.