उन्हाळी शिबिराची तीन वर्षं (१९९२ ते १९९४)

स्मरणिका समितीने मला 'शाळेतली उन्हाळी शिबिरं' हा विषय दिला, त्याचं कारण उघड आहे. १९९४ च्या शिबिरात मी चेटकीण झाले होते आणि तेव्हापासून आजवर मी ते कोणाला विसरू दिलेलं नाही. मुलीच्या शाळेत, ऑफिसच्या कार्यक्रमात, एकदा तर नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा मी तो किस्सा ऐकवला आहे.

पण इतिहास लिहायचा तर नुसत्या आठवणींवर भागवायचं नाही, कागद बघायचा, असं मी ठरवलं. आमच्या कामात प्रोग्रॅम बिघडला की कोण काय म्हणतंय ते नंतर ऐकतात, आधी मशिनमधली नोंद तपासतात. शाळेत मात्र कागद उरलेला नव्हता. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा तळमजल्यावरच्या खोलीतली आपली ट्रंक, त्यातले मुखवटे, फोटो आणि रजिस्टर सगळं भिजून लगदा झालं. सुदैवाने मराठीच्या बाई दुसऱ्या मजल्यावर राहतात. शिबिराची निळी वही त्यांनी घरी ठेवली होती. "माझं नाव लिहू नकोस, नुसतं बाई लिही. सगळ्यांना कळतं," असं त्यांनी बजावलं आहे. म्हणून पुढे त्या बाई आणि चित्रकलेचे सर ते सर.

आधी थोडं मागे जाऊ. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी आपल्या सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं. तो दिवस आज मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो, हे शाळेत आपल्याला इतक्यांदा सांगितलं गेलं की झोपेतून उठवलं तरी सांगू. 'शारदा' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल शेजारच्या हरिपूरचे. पण या सगळ्या वैभवात मुलांची जागा आईच्या मांडीवर किंवा सतरंजीवर पुढे. नाटक मोठ्यांचं, मोठ्यांसाठी. उन्हाळ्यातला सार्वजनिक कार्यक्रमही मोठ्यांचाच. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढे गावोगाव तशा व्याख्यानमाला झाल्या. मुलांच्या वाट्याला सुट्टीत नदी, आंबे आणि मामाचं गाव. १९४१ साली सुरू झालेल्या राष्ट्र सेवा दलासारख्या संघटनांनी मुलांना गाणी, पथनाट्यं, श्रमदान यांत ओढलं. शिबिर या शब्दाला आपल्याकडे जो खाकी चड्डी आणि सतरंजीचा वास आहे, तो बहुधा तिथलाच.

खास मुलांसाठी, मोठ्यांच्या नाटकाइतक्याच तयारीने नाटक करायचं हा विचार रुजला तो १९५९ मध्ये. सुधा करमरकर यांनी मुंबईत 'लिटल थिएटर' म्हणजे बालरंगभूमी सुरू केली. पहिलं नाटक 'मधुमंजिरी'. ते लिहिलं विशीतल्या रत्नाकर मतकरींनी आणि त्यात चेटकीण झाल्या स्वतः सुधाताई. पुढे मतकरींनी बँकेतली नोकरी सांभाळून स्वतःची 'बालनाट्य' ही संस्था १९६२ मध्ये काढली. 'निम्मा शिम्मा राक्षस', 'अलबत्या गलबत्या' ही त्यांचीच नाटकं. 'अलबत्या गलबत्या'तली दिलीप प्रभावळकरांची चेटकीण आपल्या आईवडिलांच्या पिढीला आठवते, आणि २०१८ मध्ये ते नाटक पुन्हा आलं तेव्हा वैभव मांगल्यांची चेटकीण आपल्या मुलांनी पाहिली.

तिसरं नाव सुलभा देशपांडे यांचं, आणि आपल्या दृष्टीने ते सगळ्यात महत्त्वाचं, कारण त्या शाळेतल्या शिक्षिका होत्या. दादरच्या छबिलदास शाळेत शिकवताना त्यांनी विजय तेंडुलकरांकडून विद्यार्थ्यांसाठी नाटकं लिहून घेतली. १९७१ मध्ये 'आविष्कार' स्थापन झाली आणि तिच्या 'चंद्रशाला' या मुलांच्या विभागाने 'दुर्गा झाली गौरी'सारखं नृत्यनाट्य उभं केलं, ज्यात मुलांचा मोठा ताफाच रंगमंचावर असायचा. पुण्यात १९८६ पासून मोहन आगाशे यांनी बर्लिनची ग्रिप्स नाटकाची पद्धत आणली. त्यात परी नाही, राक्षस नाही. मुलांचे रोजचे प्रश्न, आणि मुलांची कामं करणारे मोठे नट.

हे सगळं मुंबई-पुण्याचं. आपल्यापर्यंत ते कसं आलं, हे मी बाईंना विचारलं. बाईंचं माहेर दादरचं. लहानपणी त्यांनी 'मधुमंजिरी' पाहिलं होतं आणि त्या रात्री घाबरून त्या आईजवळ झोपल्या होत्या. सरांनी पुण्यात ग्रिप्सचं नाटक पाहिलं होतं. १९९१ च्या दिवाळीनंतर स्टाफरूममध्ये दोघांचा वाद झाला, की मुलांना चेटकीण दाखवायची की खरं जग. वाद मिटेना, तेव्हा दोघांनी ठरवलं की मे महिन्यात मुलांनाच विचारू. आपलं शिबिर त्या वादातून जन्मलं!

पहिलं शिबिर मे १९९२ मध्ये, आपली सहावीची परीक्षा संपल्यावर झालं. सकाळी साडेसात ते अकरा, पंधरा दिवस, फी नाही. मधल्या सुट्टीत भडंग आणि लिंबाचं सरबत. ते बाईंच्या घरून यायचं, हे मला वही वाचल्यावर कळलं. वहीत 'लिंबं', 'साखर ५ किलो' आणि पुढे 'स्वतः' अशी नोंद आहे.

मुखवटे कसे केले हे अनेकांना आठवत असेल. मातीचा साचा, त्यावर तेलाचा हात, मग वर्तमानपत्राचे तुकडे मैद्याच्या खळीत बुडवून थरावर थर. खळीत मोरचूद घातलेला असायचा, कीड लागू नये म्हणून, आणि सर ओरडायचे, "बोटं तोंडात घालू नका रे." मेच्या उन्हात दोन दिवसांत मुखवटा खडखडीत व्हायचा, मग पॉलिश पेपर, मग रंग. एक दिवस मिरजेला जाऊन तंबोरे करणाऱ्या कारागिरांकडे भोपळे पाहिले. पंढरपूरकडून आलेला भोपळा टिचकी मारून कसा वाजवून बघतात, हे तिथल्या एका चाचांनी दाखवलं. आपल्यातल्या निम्म्या मुलांनी घरी जाऊन आईच्या दुधीवर टिचक्या मारल्या.

आणि नाटक? वादाचा निकाल आपणच लावला. चेटकीणही हवी आणि खरं जगही. १९९३ मध्ये आपण रचलेल्या नाटकात एक चेटकीण अख्खी कृष्णा पिऊन टाकते आणि गावातली मुलं तिला ती परत ओकायला लावतात. संवाद कोणी लिहून दिले नव्हते, सगळे तालमीत बोलता बोलता ठरले.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख दोनदा फाडला, ती सांगते.

१९९३ ची चेटकीण मी नव्हते. ती आपल्याच वर्गातली, मागच्या बाकावरची एक मुलगी होती. तिचे वडील मार्केट यार्डात हळदीची पोती उचलायचे. चेटकिणीच्या तोंडाला लाल रंग कमी पडला, तेव्हा तिने घरून हळद आणली आणि त्यात ओला चुना कालवून दाखवला. पिवळ्याचं डोळ्यांदेखत लालभडक झालं. कुंकू असंच करतात, हे तिला माहीत होतं, आपल्याला नव्हतं. सर म्हणाले, "आजचा तास हिने घेतला." ती हसायची तेव्हा पहिल्या रांगेतली बालवाडीची पोरं रडायला लागायची. माझं काम गावकरी क्रमांक चार.

१९९४ मध्ये शिबिर मोठं झालं. बाहेरगावचे मार्गदर्शक आले, तयार पोस्टर कलर आले, छापील टोप्या आल्या. खर्च वाढला म्हणून १२५ रुपये फी ठेवली. निळ्या वहीत त्या वर्षीचं पान नीट आखलेलं आहे : नाव, इयत्ता, जमा. बाईंनी जुन्या मुलांची नावं आधीच लिहून ठेवली होती. तिच्या नावापुढे 'जमा'च्या रकान्यात आडवी रेघ आहे. तशा रेघा मी मोजल्या. अकरा.

त्या अकरांत एकही नाव डॉक्टर, वकील, प्राध्यापक यांच्या घरातलं नाही. आणि खरं सांगते, वही बघेपर्यंत ते अकरा जण त्या वर्षी नव्हते हे मला आठवतच नव्हतं. चेटकिणीची जागा मोकळी होती, ती मला मिळाली, एवढंच आठवत होतं.

बाईंना मी हे दाखवलं. त्या बराच वेळ पान बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी वर्गात नोटीस वाचली. ज्यांनी पैसे आणले त्यांची नावं पक्की केली. ज्यांनी आणले नाहीत त्यांच्या घरी मी गेले नाही. जायला हवं होतं. पहिल्या वर्षी लिंबं आणायला बाजारात जायला वेळ होता मला." पुढे १९९५ मध्ये मुलं आणखी कमी आली आणि शिबिर बंद पडलं. कारण म्हणून आपण टीव्ही, केबल आणि दहावीचे व्हेकेशन क्लास यांना नावं ठेवतो. तीही कारणं आहेतच. पण वही सांगते, की गळती त्याच्या आदल्या वर्षी, त्या रेघांपासून सुरू झाली होती.

मग मी तिला फोन केला. ग्रुपवर ती आहे, फारशी बोलत नाही. मिरजेत तिचं शिवणकामाचं दुकान आहे, हाताखाली चार बायका आहेत. मी अडखळत विषय काढला. ती म्हणाली, "अगं, पाहिलं की मी ते नाटक. भावाला घेऊन आले होते, मागे खिडकीच्या गजांपाशी उभी होते."

मी विचारलं, "वाईट वाटलं असेल ना तुला?"

"वाटलं थोडं. पण जास्त राग तुझा आला. तू हसायची घाई करायचीस. चेटकिणीने आधी गप्प बसायचं असतं, पोरांकडे बघत. मग हसायचं."

या लेखात लिहू का, असं विचारलं, तर म्हणाली, "लिही. माझं नाव घालू नकोस, पण झालं ते घाल."

मतकरींचं आयुष्यातलं एक शेवटचं मोठं काम मला या निमित्ताने नव्याने कळलं. २०१४ मध्ये त्यांनी ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेबरोबर 'नाट्यजल्लोष' सुरू केला. वस्त्यांमधली मुलंमुली स्वतःच्या आयुष्यातले विषय घेऊन स्वतः नाटुकली रचतात आणि करतात. त्याला 'वंचितांचा रंगमंच' म्हणतात. मुलांच्या रंगभूमीला वाहिलेली पन्नासहून अधिक वर्षं झाल्यावर त्यांना वाटलं, की अजून पुष्कळ मुलं या दारातून आत आलेली नाहीत. १७ मे २०२० रोजी ते गेले. तोही मे महिनाच.

आपण वर्गमित्र शाळेला भेट म्हणून काय द्यायचं, यावर ग्रुपवर स्मार्ट बोर्ड की वॉटर कूलर असा वाद चालू आहे. दोन्ही द्या, माझी हरकत नाही. माझा तिसरा प्रस्ताव असा : पुढची तीन वर्षं मे महिन्यात पंधरा दिवसांचं शिबिर, फी नाही. आपल्याला काढता येईल एवढाच खर्च आहे. रद्दी, मैदा, लिंबं, साखर आणि भडंग. टोप्या नकोत. आणि एक अट. नोटीस वाचून थांबायचं नाही. जी मुलं आली नाहीत त्यांची यादी करायची आणि आपल्यापैकी कोणीतरी त्यांच्या घरी जायचं. यादी मी सांभाळते, ते मला जमतं.

सर आता पंच्याहत्तरीला आले आहेत. मुखवटे शिकवायला येतो म्हणाले, फक्त खुर्ची द्या. बाई लिंबू सरबताचं बघणार आहेत आणि कोणाला त्यात पैसे घालू देणार नाहीत, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं आहे. हळद-चुन्याचा तास आणि चेटकिणीच्या हसण्याचा तास ती घेणार आहे. दुकान सकाळी अकराला उघडतं, त्यामुळे तिला जमतं.

ज्यांना यायचं आहे त्यांनी संमेलनाच्या दिवशी मला गाठून नाव द्यावं. मी गावकरी क्रमांक चारसाठी माझं नाव आधीच लिहिलं आहे.