अंतोनिन द्वोर्झाक यांच्या अल्पपरिचित वाद्यवृंद रचना

चेक संगीतकार अंतोनिन द्वोर्झाक (८ सप्टेंबर, इ.स. १८४१ – १ मे, इ.स. १९०४) हे 'न्यू वर्ल्ड' सिंफनी, 'स्लाव्हॉनिक नृत्ये' आणि चेलो कन्चेर्टो या रचनांमुळे जगभर ओळखले जातात. त्यांच्या पहिल्या चार सिंफनी, इ.स. १८९६ मधील चार सिंफनिक काव्ये आणि काही ओव्हर्चर मात्र मैफलींत तुलनेने क्वचित वाजवली जातात. चेक प्रदेशाबाहेरील बहुसंख्य श्रोत्यांना या रचनांचा परिचय मुख्यतः ध्वनिमुद्रणांमुळे झाला.

सिंफनींचे क्रमांक

द्वोर्झाक यांच्या नऊपैकी पाचच सिंफनी त्यांच्या हयातीत प्रकाशित झाल्या. त्यांना प्रकाशनाच्या क्रमाने क्रमांक मिळाल्यामुळे 'न्यू वर्ल्ड' (इ.स. १८९३) दीर्घकाळ 'पाचवी सिंफनी' म्हणून ओळखली जात असे. रचनाक्रमानुसार ती नववी आहे. जुन्या ध्वनिमुद्रिकांवर आधीचेच क्रमांक आढळतात. त्यांवरील १, २, ३ व ४ हे क्रमांक आजच्या अनुक्रमे ६, ७, ५ व ८ या सिंफनींचे आहेत. आजच्या क्रमांकांनुसार पहिल्या चार सिंफनींना जुन्या गणनेत स्थानच नव्हते.

पहिली सिंफनी

'झ्लोनित्सेच्या घंटा' या नावाने ओळखली जाणारी पहिली सिंफनी इ.स. १८६५ मध्ये लिहिली गेली. द्वोर्झाक यांनी तिचे हस्तलिखित एका स्पर्धेसाठी पाठवले. ते परत आले नाही आणि कायमचे हरवले, असे त्यांनी मानले. हे हस्तलिखित इ.स. १९२३ मध्ये उजेडात आले. इ.स. १९३६ मध्ये बर्नो येथे या सिंफनीचे पहिले वादन झाले. संगीतकाराला स्वतःची ही रचना कधीही ऐकता आली नाही.

सिंफनिक काव्ये

अमेरिकेहून परतल्यानंतर द्वोर्झाक यांनी कारेल यारोमिर एर्बेन या कवीच्या 'किटित्से' या संग्रहातील कथाकाव्यांवर 'जलपिशाच', 'दुपारची चेटकीण', 'सोन्याचा चरखा' व 'रानकबुतर' ही चार सिंफनिक काव्ये रचली. 'दुपारची चेटकीण'मध्ये ओबो मुलाची किरकिर सुचवतो, तर चेटकिणीच्या आगमनाला बास क्लॅरिनेटचा गूढ स्वर लाभतो. 'सोन्याचा चरखा'मधील अनेक सुरावटी एर्बेनच्या ओळींच्या उच्चारलयीवर बेतलेल्या आहेत. त्यामुळे कथा ठाऊक नसलेल्या श्रोत्याला काही पुनरावृत्ती अनावश्यक वाटू शकतात. प्रत्यक्षात त्या कवितेच्या बांधणीतून आलेल्या आहेत.

ओव्हर्चर-त्रयी

'निसर्गाच्या सान्निध्यात', 'कार्निव्हल' आणि 'ऑथेल्लो' (इ.स. १८९१–९२) ही तीन ओव्हर्चर एकत्रित रचना म्हणून कल्पिली होती. पहिल्यातील निसर्गाची सुरावट पुढील दोन्हींत पुन्हा येते. प्रकाशनात तिन्हींना स्वतंत्र ओपस क्रमांक (९१, ९२, ९३) मिळाले. त्यांपैकी 'कार्निव्हल' लोकप्रिय झाले आणि ते बहुधा एकटेच वाजवले जाते. अशा वेळी त्याच्या शांत मध्यभागात येणारी ही सुरावट कोठून आली, हे श्रोत्याच्या लक्षात येत नाही.

ध्वनिमुद्रणे

वाक्लाव्ह तालिख यांनी चेक फिलहार्मोनिकसह सुप्राफोन कंपनीसाठी चारही सिंफनिक काव्ये ध्वनिमुद्रित केली. इश्तवान केर्तेस यांनी लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रासह डेका कंपनीसाठी इ.स. १९६० च्या दशकात सर्व नऊ सिंफनी ध्वनिमुद्रित केल्या. राफाएल कुबेलिक यांचा बर्लिन फिलहार्मोनिकसह केलेला नऊ सिंफनींचा संचही प्रसिद्ध आहे. अशा संपूर्ण संचांमुळे आरंभीच्या सिंफनी प्रसिद्ध सिंफनींच्या बरोबरीने घरोघरी पोहोचल्या.

श्रवणासंबंधी

ध्वनिमुद्रणांची तुलना करताना स्वरलिपी पूर्ण वाजवली आहे की नाही, हे पाहणे आवश्यक ठरते. 'सोन्याचा चरखा' पूर्ण स्वरूपात पंचवीस मिनिटांहून अधिक चालतो. द्वोर्झाक यांचे जावई व संगीतकार योसेफ सुक यांनी त्यात काटछाट सुचवली होती आणि तालिख यांनी ती स्वीकारली. काटछाटीमुळे रचना आटोपशीर होते, पण कथेतील तिहेरी सौद्याची लय उणावते. म्हणून सिंफनिक काव्यांसाठी आधी मूळ कथा वाचणे, तर ओव्हर्चर-त्रयीसाठी तिन्ही भाग सलग ऐकणे उपयुक्त ठरते. आरंभीच्या सिंफनींत वॅग्नर यांच्या प्रभावाच्या खुणा व विस्ताराची हौस दिसते. तिसरीत तर स्केर्झो नसून केवळ तीनच भाग आहेत. या रचना सदोष असल्या, तरी सातव्या सिंफनीतील बांधीव शैली कशी घडत गेली, हे त्यांतूनच कळते.